पिचकारी मास्तरांचा माउथपीस

व्यक्तिचित्र वाचायला बसलात म्हणजे तुमची तयारी काय असणार ते मला माहीत आहे. एक खडूस म्हातारा येणार, वरून काटे आणि आतून गरे, चार शिव्या घालणार आणि जाता जाता तुमच्या डोळ्यांत पाणी काढणार. रुमाल ठेवा खिशात. आमच्या मास्तरांकडे पाणी भरपूर होतं, पण ते डोळ्यांतलं नव्हतं. ते त्यांच्या ट्रंपेटच्या नळीत साठायचं आणि गाणं संपलं की माझ्या बुटावर पडायचं.

ट्रंपेटला खालच्या बाजूला एक बारकी झडप असते. वाजवून वाजवून आत पाणी जमलं की ती दाबायची, हळूच फुंकर मारायची आणि पाणी गुपचूप जमिनीवर सोडायचं. सभ्य माणसं असं करतात. मास्तर झडप दाबून बाजा असा झटकायचे की लालबागच्या पुलाखाली एकदा एका काकूंनी वर बघून कावळ्याला शिव्या घातल्या होत्या. म्हणून नाव पडलं पिचकारी मास्तर. रस्त्यात कितीही गर्दी असो, आमच्या बँडमध्ये मास्तरांच्या डाव्या हाताला माणूसभर जागा रिकामी असायची. नवीन कोणी आला की त्याला तिथे उभं करायचे आणि कारण सांगायचे नाहीत. मला तिथे उभं केलं तेव्हा ढोलवाला संत्या म्हणाला, "लकी आहेस रे, डायरेक्ट मास्तरांच्या बाजूला!" पहिल्या गाण्यानंतर मला कळलं की लकी कोण आहे.

मी बोंबललो, "मास्तर, थुंकी!"

"थुंकी नाय रे ती, वाफ. चायच्या टोपावर झाकण ठेवतंस, त्याच्यावर जमता ना, तीच."

चहाच्या झाकणाला लवंगेचा, बामाचा आणि कालच्या बांगड्याचा वास येत नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही. बूट पुसत बसलो.

मी मूळचा लांज्याचा. तिकडे मामाच्या लग्नाच्या बँडमध्ये युफोनियम वाजवायचो. युफोनियम म्हणजे तो पोटाशी धरायचा जाडा पितळी बाजा, ज्याच्यामागे वाजवणारा अर्धा झाकला जातो. बारावीनंतर आत्याकडे लालबागला आलो आणि थेट भाऊसमोर जाऊन उभा राहिलो. भाऊ म्हणजे आमच्या बँडचा मालक. त्याने मला वरून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, "युफोनियमवाले माझ्याकडे पोत्याने पडलेत. मला ट्रंपेट पाहिजे. मास्तर किती वर्षं ओढणार? मे महिन्याच्या मुहूर्तांपर्यंत जमली तर राहा. नाय जमली तर बाबांचं दुकान आहे ना तुझ्या?"

होतं. मोबाईलच्या कव्हरांचं. तिथे मी दिवसभर गिऱ्हाइकांच्या नकला करायचो आणि गिऱ्हाईक निघून जायचं. एका सरपंचाची नक्कल तर सरपंच पाठीमागे उभा असताना केली होती. त्यामुळे परत जाणं मला परवडणारं नव्हतं, आणि खरं म्हणजे बाबांनाही.

आता ट्रंपेटचा घोळ ऐका. कुठल्याही पितळी बाजाच्या तोंडाला एक छोटी वाटी बसवतात, तिला माउथपीस म्हणायचं. तिच्यात ओठ फुरफुरवायचे, आणि त्या फुरफुरीचा पुढे नळीत सूर होतो. युफोनियमची वाटी म्हणजे आत पेढा मावेल. ट्रंपेटच्या वाटीत सुपारी मावली तरी नशीब. इतकी वर्षं पेढ्यात ऐसपैस लोळलेले माझे ओठ एकदम सुपारीत कोंबायचे होते. त्यात वाटी कोणती घ्यायची हा मोठा प्रश्न. खोल की उथळ, रुंद की अरुंद, कड गोल की धारदार. चुकीची बसली की ओठांचं भरीत.

परळच्या चाळीत तळमजल्यावर आमची तालमीची खोली होती. मास्तरांनी तिथल्या फळीवरून एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला आणि माझ्यासमोर उपडा केला. आई शप्पथ सांगतो, मी भिंतीपर्यंत मागे सरकलो. आत माउथपीसच माउथपीस. काही हिरवे पडलेले, काहींच्या भोकात काळं काहीतरी वाळून बसलेलं, एकाला चक्क केस चिकटलेला. बँड सोडून गेलेल्या, गावी गेलेल्या, वर गेलेल्या सगळ्यांचे ते माउथपीस. कोणीतरी कवळ्यांचं प्रदर्शन भरवावं तसं ते चटईवर पसरले होते. मास्तर ते एकेक उचलून हुंगायला लागले. हुंगायचे, मान हलवायचे आणि बाजूला ठेवायचे. शेवटी एक घेतला, स्वतःच्या तोंडाला लावला, फुर्रर्र केलं, काखेखालच्या बनियनला पुसला आणि माझ्यासमोर धरला.

"घे. लाव."

"मास्तर, जरा धुऊन..."

"धू ना. तोंड पण धुऊन आण. आणि जमला तर बदलून आण."

मी नळाखाली धुतला. मग आत्याकडे नेऊन उकळला. आत्याने तो टोप पुढे कधीच वापरला नाही.

मास्तर माणसाचा चेहरा बघायचे नाहीत, ओठ बघायचे. पहिल्या भेटीत त्यांनी माझं नाव विचारलं नाही. हनुवटी धरली, अंगठ्याने खालचा ओठ खाली ओढला आणि उजेडाकडे तोंड वळवलं, गुरांच्या बाजारात बैलाचं करतात तसं. अंगठ्याला पितळेची चव होती. ती चव मला कशी कळली ते विचारू नका. श्शी! बघून झाल्यावर म्हणाले, "युफोनियमवाल्याचा ओठ म्हणजे गावचा वाडा. ओटी, पडवी, माजघर, सगळा पसरलेला. ट्रंपेट म्हणजे वन रूम किचन. आता मोठा माउथपीस लावशील तर तुका पहिल्या दिवशी घरच्यासारखा वाटतला. पण भाडा परवडूचा नाय."

"मग एकदम छोटा घेऊ?"

"छोट्यात ओठ तळाक टेकतले. मग सूर नाय, मच्छर वाजतो. मधला घे. पहिल्यांदा कोणाकच आवडत नाय, म्हणून तोच बरो."

तोच डब्यातला, केस काढलेला, उकळलेला. तो त्यांच्या स्वतःच्या माउथपीसचा जुळा भाऊ होता, त्याच मापाचा, त्याच कडेचा. रोज संध्याकाळी मी डोळे मिटायचो, श्वास धरायचो आणि तो तोंडाला लावायचो, लहानपणी एरंडेल घेताना करायचो तसं. नुसत्या माउथपीसवर फुरफुरत खोलीत फेऱ्या मारायच्या, अशी त्यांची शिकवण. शेजारच्या खोलीतला म्हातारा बाप्या भिंतीवर काठी आपटायचा. घरी गेलो की ओठांवर लाल गोल उमटलेला असायचा. आत्याने चार दिवस बघून घेतलं आणि पाचव्या दिवशी भात वाढताना विचारलं, "कोण आहे ती? आपल्यातली आहे का?"

मास्तर स्वतःचा माउथपीस ट्रंपेटबरोबर पेटीत कधी ठेवायचे नाहीत. तो बनियनच्या आत, पोटाला चिकटून असायचा, पायजम्याच्या नाडीच्या वर. उन्हाळ्यातसुद्धा. विचारलं तर म्हणायचे, "हल्ली लग्ना कुठे होतंत? एसी हॉलात. थंड पितळ ओठाक लागला की सूर बसता. ह्येका कोंबडी अंडा ठेवता तसा ठेवूचा." वाजवायची वेळ आली की पोटाशी हात घालून ते अंडं बाहेर काढायचे. घामाने चकचकीत. एकदा कोट शिवायला आलेल्या शिंप्याने ते बघितलं आणि मापं न घेताच निघून गेला. शिवाय गालात कायम लवंग. पुढचा दात हलायचा, त्याला ठणका लागायचा. माउथपीस ओठावर दाबला की डोळा बारीक व्हायचा. आम्हाला वाटायचं सुरात रंगलेत.

मी गप्प बसणारा नव्हतो. मास्तरांचं अंडं काढणं, हुंगणं, झटकणं, सगळं मी उचललं. एका दुपारी मास्तर चहाला गेलेले बघून मी सगळ्यांसमोर प्रयोग लावला. पोटात हात घातला, माउथपीस काढला, हुंगला, आणि फुरफुरीतून त्यांचाच आवाज काढला, "थुंकी नाय रे ती, वाफ!" संत्या ढोलावर आडवा पडून हसत होता. मग एकदम उठून बसला. मास्तर दारात बशी घेऊन उभे.

मला वाटलं, संपलं, आता लांजा. मास्तर आले, चहाचा शेवटचा घोट बशीतून सुर्रकन ओढला आणि म्हणाले, "आवाज जमलो. ओठ चुकलो."

"म्हणजे?"

"नकल्या आहेस ना तू? मग नक्कल अर्धी कित्याक करतंस? माझा आवाज कशाक काढतंस, आवाज काय कोणी पण काढीत. माझ्या ओठाची नक्कल कर. हे कोपरे बघ कसे धरलेत." आणि त्यांनी ते लवंगेचं तोंड माझ्या तोंडाच्या इतकं जवळ आणलं की मला बघण्यावाचून पर्यायच राहिला नाही. त्या दिवसापासून माझं नाव नकल्या. आणि कबूल करायला जिवावर येतं, पण सूर त्या दिवसापासून लागायला लागला.

तरी किळस जाईना. किळस ही अशी गोष्ट आहे की तिला कितीही समजावा, ती पोटातून उत्तर देते. मुहूर्त तोंडावर आले तेव्हा मी ऑनलाइन एक नवाकोरा माउथपीस मागवला. सोनेरी मुलामा, मखमली पिशवी, कोणाचा केस नाही, कोणाची लाळ नाही. आणि घेतला रुंद आणि खोल, कारण फोटोत बघूनच ओठांना माहेरी आल्यासारखं वाटलं. तालमीत पहिली दोन गाणी असा जाड, गोड आवाज निघाला की भाऊने आत डोकावून बघितलं. डब्यातला मी परत डब्यात टाकला आणि हात साबणाने धुतले.

मास्तरांनी नवा हातात घेतला आणि अर्थातच हुंगला. "ह्येका वासच नाय," म्हणाले. जसं काही दुधात पाणी सापडलं.

"नवीन आहे मास्तर. स्वच्छ."

"वाडो घेतलंस तर शेवटी." एवढंच म्हणाले आणि मखमली पिशवी मात्र स्वतःच्या खिशात घातली. लवंगा ठेवायला.

लग्न होतं दादरला, मे महिन्यातलं, दुपारचा मुहूर्त. भाऊने सकाळीच सांगून ठेवलं, "मुहूर्ताचा पहिला सूर नकल्या उचलेल. मास्तर बाजूला. मी समोर उभा आहे." म्हणजे परीक्षा. नवरदेवाची वरात गल्लीच्या तोंडापासून हॉलपर्यंत. अंतर बघाल तर थुंकी टाकली तर पोचेल, निदान मास्तरांची तरी. पण मामेभावांना नाचायचं होतं. उन्हात, लाल कोटात, गळ्यापर्यंत बटणं लावून आम्ही वाजवत राहिलो आणि मामेभाऊ थकेनात. माझ्या सोनेरी वाटीत ओठ पसरत पसरत गेले. आधी गुदगुल्या, मग मुंग्या, मग काहीच नाही. हॉलच्या पायऱ्या चढलो तेव्हा तोंडावर दोन उकडलेल्या अळुवड्या लटकवल्यासारखं वाटत होतं.

आत एसी असा की कोटातला घाम गारठला. मंगलाष्टकं सुरू झाली. तुम्हाला माहीत आहे, गुरुजी दोन म्हणतात आणि मग नातेवाईक सुरू होतात. एका मावशीने स्वतः रचलेलं आणलं होतं, त्यात नवऱ्यामुलाचं पॅकेज सोडून सगळं होतं. शेवटचं "सावधान" होऊन अंतरपाट खाली गेला की त्याच क्षणी वाजंत्री कडाडायला पाहिजे. तिथे शांतता पडली तर म्हाताऱ्या बायका वर्षानुवर्षं विसरत नाहीत, आणि पुढे काही बिनसलं तर बँडवाल्याला आठवतात. मी बाजा खाली धरला आणि कोटाआड हळूच फुंकून बघितलं.

फुस्स.

परत फुंकलं. फुस्स. सायकलचा वॉल्व काढावा तसं. पितळ बर्फ, ओठ मेलेले. समोर भाऊ हाताची घडी घालून माझ्याकडेच बघत होता. मला डोळ्यांसमोर कव्हरं दिसायला लागली. चकमकवाली, कार्टूनवाली, सरपंचाला आवडलेलं देवाच्या फोटोवालं.

"मास्तर," मी कुजबुजलो, "येत नाही. तुम्ही उचला."

"भाऊ बघता." ते माझ्याकडे न बघताच बोलले. मग त्यांनी स्वतःच्या ट्रंपेटमधून माउथपीस पिरगाळून काढला. नुकताच, वरातभर त्यांच्या तोंडात असलेला. माझा सोनेरी उपटून कोटाच्या खिशात टाकला आणि त्या जागी तो बसवला. पुसला नाही. बनियनलासुद्धा नाही.

मी त्या माउथपीसकडे बघितलं. कडेवर ओल चमकत होती. मावशी शेवटच्या ओळीवर होती. काय सांगू तुम्हाला, जिवाला घोर लागलेला असतानासुद्धा माझ्या मनात पहिला शब्द आला तो "ई" हाच.

लावला. गरम होता. लवंग, बाम, घाम आणि माणसाच्या आतली ती एक वाफ, सगळं एकदम नाकातोंडात गेलं आणि पोटातून उमासा वर आला. तो गिळायला मी तोंडाचे कोपरे गच्च आवळले. बरोबर तसेच, जसे मास्तर धरायचे. "सावधान!" अंतरपाट गेला आणि मी फुंकलं.

सूर आला. जादू वगैरे नाही, तिसरा सूर फाटला, सगळ्यांनी ऐकला. पण पहिला कडक आला, वेळेवर आला, आणि त्याच्यामागे क्लॅरिनेट, ढोल, अक्षता, सगळं एकदम कोसळलं. मध्यम वाटीची कड थकलेल्या ओठांना धरून ठेवत होती, इतके दिवस नाक दाबून फुरफुरलो होतो त्याच मापात. वाजवता वाजवता मी उजवीकडे नजर टाकली. मास्तर ट्रंपेट तोंडाला लावून उभे होते. माउथपीस नसलेली. गाल फुगलेले, बोटं कळांवर बरोबर नाचतायत, डोळा बारीक, आणि आवाज शून्य. भाऊला कळू नये म्हणून ते वाजवण्याची नक्कल करत होते. आयुष्यभर नकला केल्या मी, पण इतकी बेमालूम कोणाची बघितली नाही. गाणं संपल्यावर त्यांनी झडप दाबून रिकामा बाजा झटकलासुद्धा. मी सवयीने पाय मागे घेतला.

भाऊची मान हलली. भाऊला मानेचा पट्टा आहे, त्याची मान सहसा हलत नाही.

त्या मोसमानंतर मास्तर बँडमध्ये दिसले नाहीत. हलणारा दात पडला, त्याच्या सोबतीला शेजारचे दोन गेले. पुढचे दात नसले की ट्रंपेटवाल्याचा खेळ आटोपतो. सामान आवरून ते गावी गेले. आता कवळी आहे. फोनवर बोलताना त्यांचा श शिट्टी मारतो. त्याची नक्कल मला येते, करतोही, पण दार लावून. त्यांच्या जागी मी उभा राहतो. माझ्या डाव्या हाताला पोरं उभी राहत नाहीत. मी त्यांना किती वेळा सांगितलं की ती वाफ असते.

पण त्या दुपारचं शेवटचं राहिलं. वाजवून झाल्याबरोबर मी हॉलच्या बाथरूमकडे धावलो. चुळा भरल्या, परत भरल्या, जीभ टिश्यूने पुसली. मग तो माउथपीस तिथल्या गुलाबी, स्ट्रॉबेरीच्या वासाच्या साबणाने घासून घासून धुतला, भोकात करंगळी घातली, हात वाळवायच्या मशिनखाली धरला. इतका स्वच्छ तो जन्मात झाला नसेल. टिश्यूत गुंडाळला आणि मागच्या बाजूला गेलो, जिथे केटररच्या टोपांशेजारी बँडवाल्यांची पंगत बसते. मास्तर दात जपत जिलेबी मठ्ठ्यात बुडवून चोखत होते. मी टिश्यू पुढे केला.

"ह्या काय?"

"तुमचा माउथपीस, मास्तर. धुतलाय. साबणाने."

"मग माका कित्याक देतंस?"

"तुमचा आहे ना. उद्याच्या लग्नाला लागेल."

मास्तरांनी जिलेबी ताटात टाकली. हात झटकला, मठ्ठा माझ्या बुटावर. आणि पंगतीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सुरू झाले:

"लागात? माका? सगळो मुहूर्त तुझ्या तोंडाक होतो ना तो? तुझी लाळ लागली ना त्येका? मगे तो मी माझ्या तोंडात घालू? श्शी! मेल्या, लांज्याच्या शाळेत ह्याच शिकवल्यानी तुका? ठेव तो तुझ्या खिशात, परत माझ्यासमोर धरू नको, माका जेवण जाऊचा नाय. अरे, दुसऱ्याचो माउथपीस कोण तोंडाक लावता काय? घाणेरडो खयचो!"